दोब्रीचे ठोकळे

बहिणीने, नेवेनाने, फोनवर सांगितलं ते एवढंच, की नदीकाठची पत्र्याची गॅरेजं उठवताहेत, महिनाअखेर आपलंही जाणार, तेव्हा तू येऊन काय ठेवायचं नि काय भंगारात घालायचं ते ठरव. बाबांचं सगळं करता करता माझ्या नाकी नऊ आलेत, त्यात हे आणखी नको. तिहोमिरने रजा काढली आणि आला.

गॅरेजशी त्याला तसं काही देणंघेणं नव्हतं. बावीस वर्षं एक वाक्य त्याच्या घशात अडकून होतं, ते बाबांना सांगायचं होतं. आणि बाबांची आठवण वर्षभरात झरझर उतरणीला लागली होती. आता नाही सांगितलं तर ऐकणाराच उरायचा नाही, हे त्याला तिकडे जर्मनीत बसून चांगलं कळत होतं. कळत होतं आणि तरीही दोन वर्षं तो फिरकला नव्हता. असतात माणसं अशी.

आम्हा गाब्रोवोकरांवर सगळा देश विनोद करतो. आम्ही म्हणे मांजराची शेपटी कापतो, म्हणजे तिच्यामागे दार लवकर लावता येतं आणि घरातली ऊब वाया जात नाही. हसा खुशाल. पण काटकसर ही आमच्या हाडीमाशी आहे हे खरं, आणि या गोष्टीतलं सगळं वाटोळं त्या काटकसरीनेच केलं आहे, तेव्हा ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिहोमिर तेव्हा वीस वर्षांचा, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्या काळी आमच्या पोरांना कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे वेडच. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर तारा टाकून सगळ्या वस्तीने एकमेकांना जोडून घेतलं होतं. दुकानातून आणलेला प्रोसेसर जसाच्या तसा चालवणं हा तर कमीपणा. त्याला ठरल्यापेक्षा जास्त पळवायचं. पळवला की तो तापतो, तापला की बंद पडतो. मग त्याला गार ठेवायची खटपट. पंख्याने भागेना तेव्हा पोरांनी पाणी खेळवायचं ठरवलं. मासे पाळायच्या टाकीतला पंप, बियरच्या नळाची पारदर्शक नळी, जुन्या गाडीच्या हीटरचा रेडिएटर, आणि पाण्याला हिरवा रंग द्यायला ईस्टरची अंडी रंगवायची पुडी. विकत काही मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी घेतलं कुणी असतं?

अडलं फक्त एका गोष्टीवर. प्रोसेसरच्या डोक्यावर बसेल असा तांब्याचा ठोकळा हवा होता, आतून कोरलेला, म्हणजे त्यातून पाणी फिरेल. तिहोमिर बाबांकडे गेला.

दोब्रीने अवजारांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मिलिंग मशीन चालवलं होतं. कारखाना बंद पडला, मशीनं भंगाराच्या भावात निघाली, तेव्हा त्याने आपलं मशीन विकत घेतलं आणि लोखंडी नळ्यांवरून ढकलत गॅरेजात आणून उभं केलं. तिथे ते उभं राहिलं ते राहिलंच. काम देणार कोण? दोब्री रोज जाऊन त्याला तेल घालायचा आणि परत यायचा. कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण तापतो, पाणी फिरवायचं, एवढं ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे इंजिनच की. मग त्यात एवढं काय?"

चार दिवसांत त्याने ठोकळा केला. आत भुलभुलैयासारख्या सात खाचा, वर पितळेचं झाकण, झाकणाखाली रबरी रिंग बसायला गोल घळ, केसाएवढाही फरक नाही. पाण्याची एक वाट बंद केली, दुसरीला सायकलचा, दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंप लावला, ठोकळा बादलीत बुडवला आणि हवा मारली. एक बुडबुडा आला तरी माल भंगारात, ही त्याची कारखान्यातली रीत. बुडबुडा आला नाही. मग त्याने कोपऱ्यात आपल्या नावाचं एक अक्षर ठोकलं.

त्या दिवसापासून दोब्री रोज संध्याकाळी तिहोमिरच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारायचा, "ताप किती?" पोरगा पडद्यावर बघून आकडा सांगायचा. आकडा कमी असला की म्हातारा असा खुलायचा, जसा काही घरातल्या लहानग्याचाच ताप उतरला.

मग मित्रांनाही ठोकळे हवे झाले. मग सोफियाहून, वार्नाहून कुणी कुणी निरोप पाठवू लागलं. गॅरेजात पोरं जमिनीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायची, टरफलांचा हा ढीग, आणि मधोमध दोब्री मशीनवर वाकलेला, चष्मा कपाळावर, तोंडाने अखंड चेष्टा. एकाला म्हणायचा, तुझ्या प्रोसेसरपेक्षा तुझंच डोकं जास्त तापलेलं दिसतंय, तुलाच एक ठोकळा बसवतो. आई तेव्हा होती. ती म्हणायची, म्हाताऱ्याला पुन्हा मिसरूड फुटलं. तिहोमिरने पुढे आयुष्यात पुष्कळ चांगले दिवस पाहिले, पगाराचे, घराचे, पण त्या टरफलांच्या ढिगाजवळ बसल्याचं सुख त्याला पुन्हा कधी लाभलं नाही.

आता रेडिएटरचं ऐका. दोब्रीने आपल्या जुन्या झिगुली गाडीचा हीटर उघडला, त्यातला तांब्याचा रेडिएटर काढून पोराच्या हातात दिला. गाडीत आता हिवाळ्यात ऊब नाही, तर नाही. पोराचं मशीन गार राहिलं पाहिजे. देताना एवढंच म्हणाला, "बाजारातला ॲल्युमिनियमचा आणू नकोस. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत. पाणी मध्ये आलं की एक दुसऱ्याला खातं."

तिहोमिरने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तो रेडिएटर भंगारवाल्याला विकला. तांब्याला भाव होता. त्यातून त्याने ॲल्युमिनियमचा स्वस्तातला रेडिएटर घेतला, आणि उरल्या पैशांत कॉम्प्युटरच्या पेटीच्या बाजूला लावायला ॲक्रिलिकची खिडकी आणि आत निळे दिवे. रेडिएटर काळा रंगवून टाकला, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. दिसायला पेटी अशी झाली की बघत राहावं. वसंतातल्या प्रदर्शनापर्यंत चारच महिने, तेवढ्यात काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. मांजराची शेपटी कापणारीच औलाद ती.

वसंतात गावच्या वाचनालयाच्या सभागृहात पोरांनी आपापल्या पेट्या मांडल्या. पंचवीसेक होत्या, दुरून दुरून आणलेल्या. दोब्री लग्नाकार्यातला कोट घालून आला होता आणि पोराच्या टेबलाशेजारी असा उभा होता, जसा मुलीकडचा बाप. लोक येत होते, खिडकीतून हिरवं पाणी बघत होते, ठोकळा कुणी केला विचारत होते. आणि भर दुपारी, सगळे बघत असताना, पेटीतून चर्र आवाज आला, धूर निघाला, सभागृहाचा फ्यूज उडाला. पेटी उघडली तर ठोकळ्याभोवती हिरव्या पाण्याचं तळं. मशीन जळून कोळसा.

कुणीतरी विचारलं, ठोकळा कुणाचा? सगळ्यांच्या माना दोब्रीकडे वळल्या. त्याने चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि पोराला हळूच विचारलं, "कुठून गळलं रे?"

तिहोमिर म्हणाला, "ठोकळ्यातून असेल."

एवढंच. वीस वर्षांचा पोर, घाबरलेला, भर सभेत नाक कापलेला. तोंडातून निघून गेलं. दोब्रीने स्वतःच्या पंजाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हात गेला माझा." मग कोटाच्या बाहीनेच टेबलावरचं पाणी टिपू लागला.

दुसऱ्या दिवशी तिहोमिरने काळा रेडिएटर खरवडून पाहिला. रंगाखाली पांढरी भुकटी, आणि पत्रा ठिकठिकाणी चाळणीसारखा झालेला. रेडिएटर वर होता, ठोकळा खाली. पाणी वरून ठिबकून खाली साचलं होतं. त्याने तो नेऊन पुलावरून यांत्रा नदीत टाकला. रविवारी बाबांना सांगू, असं ठरवलं. रविवारी धीर झाला नाही. मग परीक्षेनंतर. मग उन्हाळ्यानंतर. तोवर दोब्रीने सगळ्या पोरांना कळवून आपले ठोकळे परत मागवले होते, मशीनवर ताडपत्री टाकली होती, आणि शेजारणीने साधी किल्ली कापून मागितली तरी तो सांगत होता, माझा हात गेला. पुढच्या वर्षी तिहोमिर जर्मनीला गेला. तिथे तो आजही मोठमोठ्या कॉम्प्युटरांच्या दालनांत पाण्याच्या नळ्या बसवतो. पहिल्या दिवशी त्याला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र घ्यायचं नाही. तो ऐकून घेत राहिला.

दर रविवारी फोन असायचा. हवापाणी, जेवणखाण, आणि मग कधीतरी दोब्री मध्येच विचारायचा, ती रिंगची घळ मी जरा खोल घेतली असेन का रे? तिहोमिर म्हणायचा, जाऊ द्या हो बाबा, जुनी गोष्ट झाली. असं बावीस वर्षं.

तो आला तेव्हा दोब्री खिडकीशी बसला होता. मुलाकडे बघून अदबीने अर्धवट उठला आणि म्हणाला, "या, बसा. नळाचं बघायला आलात का?" जन्मभर ज्याला 'तू' म्हटलं त्याला बाप 'तुम्ही' म्हणाला. नेवेना म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, सकाळी जरा बरे असतात, उद्या बोल. तिहोमिरला ते पथ्यावरच पडलं. म्हणाला, मग तोवर गॅरेज बघून येतो. टाळाटाळीत त्याचा हात कुणी धरला नसता.

गॅरेजचं कुलूप तेल घातलेलं होतं, किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. तिथेच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ताडपत्री उचलली तर मशीन लख्ख. पात्यांवर गंज नाही, खाली तांब्याचा कीस. मागे पत्र्याचं कपाट होतं. उघडलं तर वरपासून खालपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या. एक सोडली. ठोकळा. सात खाचा, पितळेचं झाकण. दुसरी सोडली, ठोकळा. वर्तमानपत्र दोन हजार तीनचं. मग पाचचं, नऊचं, चौदाचं. चाळिसाच्या पुढे त्याने मोजणं सोडून दिलं. प्रत्येक कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं: घळ थोडी उथळ घेतली, बुडबुडा नाही. रिंग बदलली, बुडबुडा नाही. मुद्दाम सैल आवळला, तरी बुडबुडा नाही. शेवटच्या काही पुड्यांतल्या खाचा वाकड्यातिकड्या जात होत्या, आणि अगदी शेवटच्या, दोन वर्षांपूर्वीच्या कागदात नुसता एक तांब्याचा तुकडा होता, त्यावर दोनचार ओरखडे. कडेला काहीच लिहिलेलं नव्हतं.

पहिला ठोकळा, अक्षर ठोकलेला, वेगळ्या डब्यात होता. त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: हाही हवा धरतो. मग गळलं कुठून?

तिहोमिर जमिनीवर बसला. जिथे टरफलांचा ढीग असायचा तिथेच. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. म्हाताऱ्याने जगाला सांगितलं हात गेला, आणि चोरून, वर्षानुवर्षं, स्वतःची चूक शोधत बसला. कारण रेडिएटरवर त्याचा संशय जाणारच कसा? तो तर त्याने स्वतःच्या हाताने तांब्याचा काढून दिला होता. राहता राहिला ठोकळा. पोराचा शब्द खरा धरला की दुसरं काही उरतच नव्हतं.

सकाळी नेवेना घेवड्याचं सूप ढवळत होती आणि दोब्री जेवणाच्या टेबलाशी रुमालाच्या घड्या घालत बसला होता. तिहोमिर समोर बसला. पहिला ठोकळा खिशात होता. म्हणाला, बाबा, मी तिहो. दोब्री हसला, असाच हसला. मग तिहोमिरने सगळं सांगितलं. भंगारवाला, काळा रंग, पांढरी भुकटी, नदी. बावीस वर्षं घोकलेलं होतं, तरी अडखळत सांगितलं. वरातीमागून घोडं नाचवावं तसंच ते, पण सांगितलं. दोब्री कान देऊन ऐकत होता, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसा, मध्ये मध्ये मान हलवत.

"नाही हो," तो शेवटी म्हणाला. "रेडिएटर तांब्याचा होता. मी स्वतः काढून दिलाय. माझा मुलगा खोटं बोलायचा नाही."

"बाबा, तो मुलगा मीच. मी खोटं बोललो."

"तुम्ही भले गृहस्थ दिसता. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलताय. पण ठोकळा माझा होता, मी कुणावर ढकलणार नाही."

नेवेना हातातली पळी तशीच धरून उभी राहिली होती. तिलाही हे आजच कळत होतं. ती म्हणाली, "तीन हिवाळे, तिहो. तीन हिवाळे आई त्या गाडीत पायांवर घोंगडी घेऊन बसत होती. आणि तू तो भंगारात विकलास?" ती तोंड फिरवून पुन्हा सूप ढवळू लागली, पण पळी भांड्यावर आपटत होती.

काय करावं सुचेना म्हणून त्याने खिशातला ठोकळा काढून टेबलावर ठेवला. आणि दोब्रीचे हात जागे झाले. डोकं नव्हे, हात. त्याने ठोकळा उचलला, अंगठा कडेवरून फिरवला, अक्षरापाशी थांबला. मग शांतपणे म्हणाला, बादली आणा, पंप आणा. पंप कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, कोटाच्या खुंटीमागे. नेवेनाने बादली भरून दिली.

पाण्याची एक वाट बुचाने बंद केली, दुसरीला पंप लावला. दोब्री नाक पाण्याला टेकेल इतका वाकला. तिहोमिर हवा मारू लागला. काटा चढला आणि थांबला. पाणी स्वच्छ, निवांत.

"बुडबुडा नाही, बाबा. बघा ना. एक नाही."

"मारा अजून."

त्याने अजून मारली. नाही. अजून एकदा. नाही. तिसऱ्यांदा तो नाही म्हणाला तेव्हा दोब्रीचा चेहरा कसनुसा झाला. तो डाव्या हाताने उजवा हात चोळू लागला, जोरजोरात, कातडी लाल होईतो. "असायलाच हवा," तो म्हणाला. "कुठेतरी असणारच. नाहीतर पोराचं मशीन जळलं कशानं?" त्याचे डोळे भरून आले होते. नेवेना कोपऱ्यातून दबक्या आवाजात म्हणाली, असं सुरू झालं की दोन दोन दिवस जेवत नाहीत. तिहोमिरला वाटलं, या माणसाला आता कुठल्या भाषेत सांगू? खरं सांगून झालं होतं. खऱ्याला तिथे जागाच नव्हती.

मग दोब्रीने बोट पाण्यात घातलं आणि म्हणाला, "तो बघा. झाकणाच्या कडेला. दिसला?"

झाकणाच्या कडेला काही नव्हतं. तिहोमिरने बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग होता की विनवणी हे त्याला कळलं नाही. म्हातारा बोट तसंच धरून वाट बघत होता.

"हो," तिहोमिर म्हणाला. "दिसला."

दोब्री मागे टेकला. बावीस वर्षांचं ओझं उतरावं तसा मोठा श्वास त्याने सोडला, हात रुमालाला पुसले, रुमालाची नीट घडी घातली.

"सापडला एकदाचा," तो म्हणाला. "आता एक काम करा. माझा मुलगा जर्मनीत असतो, त्याला कळवा. म्हणावं, बाबांना सापडलं, चूक बाबांचीच होती. तो उगाच स्वतःला दोष देत बसला असेल. मनाला लावून घेणारा आहे."

"कळवतो," तिहोमिर म्हणाला.

नेवेनाने बापापुढे सूप ठेवलं आणि तो चवीने जेवू लागला. तिहोमिर बादलीपाशी बसून राहिला. पंपाचा काटा जिथे चढून थांबला होता, तिथेच होता.